विली ओरी: लेफ्ट विंग ते राइट विंग

आइस हॉकीत लेफ्ट विंगला खेळणारा माणूस बहुतेक वेळ रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, डाव्या कडेने जात असतो, म्हणजे त्याच्या डाव्या खांद्याला बोर्ड, म्हणजे कडेची भिंत, आणि बाकी सगळं, पक (ज्याने खेळतात ती चकती), सेंटर, पलीकडचा विंगर, समोरचा डिफेन्समन आणि त्याच्या अंगावर आदळायला निघालेला जो कोणी असेल तो, हे सगळं उजवीकडे. आता या माणसाचा उजवा डोळा गेलाय असं समजा. पास कुठून येतोय ते दिसायला हवं असेल तर त्याला मान पूर्ण उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने बघावं लागणार, तेवढ्यात समोरून काय येतंय ते सुटणार, आणि हे सगळं बर्फावर, पायात धारदार पाती बांधून, डोक्यावर हेल्मेट नसताना, कारण त्या काळात हेल्मेट जवळजवळ कोणी घालतच नव्हतं. विली ओरी असा खेळला. एकदोन मॅचेस नाही, डोळा गेल्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळात जितकं खेळला तितकं सगळं असंच.

त्याचं नाव निघालं की लोक एकच गोष्ट सांगतात, एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या हॉकीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, तारीख १८ जानेवारी १९५८. बरोबरच आहे, आणि छोटी गोष्ट नाहीये ती. आम्ही बॉस्टनजवळ राहतो, इथे बॉस्टन ब्रुइन्सच्या, म्हणजे ज्या टीमकडून तो तेव्हा खेळला तिच्या, टीडी गार्डन स्टेडियमच्या छताला त्याचा २२ नंबर टांगलेला आहे, माझ्या मुलीच्या टीममधल्या सगळ्या पोरींना ती तारीख पाठ आहे. पण पुढे काय झालं असं विचारलं तर बहुतेकांकडे काही नसतं सांगायला. एनएचएलमध्ये तो एकूण ४५ मॅचेस खेळला, ४ गोल, १० असिस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या गोलला दिलेले पास. तेवढ्यावर त्याचं करिअर संपलं असंच बहुतेकांना वाटतं, आणि मला हेच खूप लागतं, कारण हा माणूस खेळाडू म्हणून सगळ्यात चांगला झाला तो त्या ४५ मॅचेस संपल्यानंतर, बॉस्टनपासून पार दुसऱ्या टोकाला, जिथे कोणी बघत नव्हतं तिथे.

विलीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५चा, कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फ्रेडरिक्टनचा. मोठं कुटुंब, हा शेंडेफळ. पूर्वज अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात आलेले. गावात कृष्णवर्णीय घरं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे मित्र सगळे गोरे, खेळ सगळ्यांचा एकच. तीन वर्षांचा असताना स्केट्स पायात आले, मागच्या अंगणात वडील पाणी मारून रिंक करायचे, आणि थंडी कडक असली की पोरगं शाळेतसुद्धा स्केट करत जायचं. मोठा भाऊ रिचर्ड हा त्याचा पहिला कोच. रिचर्डने त्याला बॉडी चेक, म्हणजे अंगाने दिलेला धक्का, कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा ते शिकवलं, आणि लोक काय वाट्टेल ते बोलतील, ते तू आत शिरू दिलंस तरच लागेल, हेही शिकवलं. विली पुढे आयुष्यभर मुलाखतींमधून रिचर्डचं नाव घेत राहिला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्लॅक माणसं आणि आइस हॉकी हे काहीतरी नवीनच समीकरण विलीपासून सुरू झालं असं नाहीये. त्याच किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियात हॅलिफॅक्सला, १८९५मध्ये कृष्णवर्णीयांची स्वतःची हॉकी लीग सुरू झाली होती, म्हणजे एनएचएलच्या बावीस वर्षं आधी. आणि विलीच्या आधीच्या पिढीत हर्ब कार्नेगी नावाचा खेळाडू होता, क्विबेकच्या लीगमध्ये लागोपाठ तीन वर्षं सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. १९४८मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला ट्रायआउटला बोलावलं आणि ऑफर दिली ती खालच्या टीमची. तो तेव्हा क्विबेकमध्ये त्याहून जास्त कमवत होता, घरी बायको-मुलं होती, तो नाही म्हणाला, आणि तो दरवाजा परत उघडला नाही. हॉकीतल्या मोठ्या लोकांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं २०२२मध्ये, तो गेल्यानंतर दहा वर्षांनी. विलीची गोष्ट वाचताना मला कार्नेगी सतत दिसत राहतो, कारण पहिला कोण हे बरेचदा कोण किती चांगला खेळतो यावर ठरत नाही, दार उघडणाऱ्याला कधी गरज पडते यावर ठरतं.

आता डोळ्याकडे येते. १९५५-५६चा सीझन, विली ज्युनियरमध्ये, म्हणजे तरुण पोरांच्या लीगमध्ये, किचनर कॅनक्सकडून खेळत होता, गुएल्फविरुद्ध मॅच. तो गोलसमोर गर्दीत उभा, मागून जोरात शॉट आला, पक कोणाच्या तरी स्टिकला लागून उडाला आणि सरळ त्याच्या तोंडावर. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. पक म्हणजे कडक रबराची चकती असते, वजन साधारण १७० ग्रॅम, आणि मॅचच्या आधी ती फ्रीझरमध्ये गोठवतात, म्हणजे बर्फावर उसळू नये म्हणून, त्यामुळे ती लागते तेव्हा दगडासारखीच लागते. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेलीय आणि तू आता हॉकी खेळायची नाही. वय वीस.

साधारण आठ आठवड्यांत तो परत बर्फावर होता. कोणाला सांगितलं नाही. एका बहिणीला माहीत होतं, आईवडिलांना नाही, टीमला नाही, कोचला नाही. एका डोळ्याने आंधळ्या असलेल्या खेळाडूला एनएचएल खेळू देत नसे, तसा नियमच होता, त्यामुळे हे बाहेर गेलं असतं तर करिअर सुरू व्हायच्या आधीच संपलं असतं. लोक याला नुसती जिद्द म्हणून सोडून देतात, पण मला वाटतं जिद्दीपेक्षाही मोठं काम होतं ते, कारण गुपित ठेवायचं म्हणजे रोज ठेवायचं. एखादा साधा पास सुटला की बाकीचा खेळाडू म्हणू शकतो, सॉरी, दिसला नाही. विलीला ते एक वाक्य कधीच बोलता येत नव्हतं.

मुलीची प्रॅक्टिस पहाटे असते, आणि पालक काचेबाहेर कॉफी घेऊन उभे असतात. एकदा तिथेच मी डाव्या बोर्डाजवळ उभी राहून उजवा डोळा हाताने झाकला आणि रिंकच्या मधून येणारा पक बघायचा प्रयत्न केला. अर्धी रिंक नाहीशीच होते हो. म्हणजे अंधार वगैरे होत नाही, ती जागाच नसते. पक कुठल्या तरी कोपऱ्यातून एकदम उगवतो आणि तोवर तो तुमच्यापाशी आलेला असतो, आणि किती वेगाने येतोय, किती लांब आहे याचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो तसा येतच नाही. मी नुसती उभी होते, तो हे जोरात स्केट करत करायचा, आणि त्याच बाजूने त्याला धडकायला माणसं यायची. मान डावीकडून उजवीकडे, परत समोर, परत उजवीकडे, आख्खी मॅच. त्या वेळी तो ज्यांच्याबरोबर खेळला त्यांना फक्त इतकंच वाटायचं की याला खूप संधी मिळतात पण गोल कमी होतात.

त्याला बेसबॉलही उत्तम यायचा. १९४९मध्ये, चौदाव्या वर्षी, गावच्या टीमने लीग जिंकली म्हणून पोरांना न्यूयॉर्कची ट्रिप मिळाली, ब्रुकलिनला एबेट्स फील्डवर त्यांनी जॅकी रॉबिन्सनला बघितलं आणि भेटलेसुद्धा. रॉबिन्सन म्हणजे मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७मध्ये पाडणारा माणूस. विलीने त्याला सांगितलं की मी हॉकीपण खेळतो, तर रॉबिन्सनला आश्चर्य वाटलं, ब्लॅक मुलं हॉकी खेळतात हे त्याला माहीतच नव्हतं. ही भेट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९५६मध्ये, म्हणजे डोळा गेल्यानंतर, मिलवॉकी ब्रेव्ह्ज या बेसबॉल टीमने त्याला जॉर्जियात वेक्रॉसच्या कॅम्पला बोलावलं. गोऱ्यांसाठी वेगळं, काळ्यांसाठी वेगळं असे बोर्ड त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिथे, अमेरिकेच्या दक्षिणेत बघितले. कॅम्पमध्ये निवड झाली नाही. परतीचा प्रवास बसने, पाच दिवस. सुरुवातीला त्याला बसमध्ये मागेच बसावं लागलं, मग बस जसजशी उत्तरेला जाऊ लागली तसतसा तो एकेक करत पुढच्या सीटवर सरकत गेला, आणि घराजवळ पोचेपर्यंत तो पुढे बसलेला होता. विलीने हा प्रवास नंतर अनेकदा सांगितलाय, आणि घरी पोचेपर्यंत बेसबॉलचा विषय डोक्यातून कायमचा काढून टाकला हेही.

त्यानंतर क्विबेक एसेस, एनएचएलच्या खालच्या लीगमधली हॉकी टीम. तिथे कोच होता पंच इम्लाक, जो पुढे टोरंटोबरोबर स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकणार होता. १९५७च्या हिवाळ्याआधी बॉस्टन ब्रुइन्सच्या ट्रेनिंग कॅम्पला विली गेला, त्याच्याबरोबर एसेसचा अजून एक कृष्णवर्णीय खेळाडू होता, स्टॅन मॅक्सवेल, दोघांनाही अजून थोडं पक्कं होऊन या म्हणून परत पाठवलं. एनएचएलमध्ये तेव्हा फक्त सहा टीम्स होत्या: बॉस्टन, मॉन्ट्रियल, टोरंटो, न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट. सगळ्या जगातल्या हॉकीपटूंसाठी मिळून सव्वाशेच्या आसपास जागा. आज बत्तीस टीम्स आहेत, त्यामुळे तेव्हाची ती चिंचोळी वाट आपल्या डोळ्यांसमोर येत नाही.

जानेवारी १९५८मध्ये ब्रुइन्सचे खेळाडू दुखापतींनी बसले आणि विलीला बोलावणं आलं. मॉन्ट्रियल फोरम, समोर मॉन्ट्रियल कॅनेडियन्स, म्हणजे लागोपाठ पाच स्टॅनली कप जिंकण्याच्या मधोमध असलेली टीम. ब्रुइन्सनी ती मॅच ३-० जिंकली. विलीने गोल केला नाही, चूकही केली नाही. फारसा गाजावाजा झालाच नाही. तो स्वतःही म्हणतो की आपण काही इतिहास घडवलाय हे त्याला त्या रात्री जाणवलं नव्हतं, तो खुश होता तो एनएचएल खेळलो म्हणून. अजून एक मॅच आणि मग परत क्विबेकला.

पुढचं बोलावणं यायला जवळजवळ तीन वर्षं लागली. १९६०-६१मध्ये तो बॉस्टनकडून ४३ मॅचेस खेळला. १ जानेवारी १९६१ला बॉस्टन गार्डनमध्ये, परत मॉन्ट्रियलविरुद्धच, त्याने पहिला गोल केला, आणि तोच मॅच जिंकून देणारा ठरला, ३-२. घरच्या लोकांनी उभं राहून खूप वेळ टाळ्या वाजवल्या. बॉस्टनच्या प्रेक्षकांनी त्याला आपलं मानलं हे तो नेहमी सांगतो. बाकी ठिकाणी काय व्हायचं तेही सांगतो. कॅनडातल्या शहरांपेक्षा अमेरिकेतल्या शहरांत जास्त शिव्या, जास्त वस्तू फेकल्या जायच्या. शिकागोला समोरच्या एका खेळाडूने वंशावरून वाईट बोलून स्टिकचं टोक त्याच्या तोंडात मारलं, पुढचे दोन दात गेले, नाक मोडलं. विलीनेही स्टिक उचलून त्याच्या डोक्यात घातली. दोन्ही बेंचेस बर्फावर उतरले. प्रेक्षक इतके भडकले की त्याला पुढे ड्रेसिंग रूममध्येच बसवून ठेवावं लागलं. तो म्हणायचा की शिव्यांवरून मी कधी भांडलो नाही, पण कोणी स्टिक चालवली तर उत्तर द्यायचो. मला हे पटतं. शांत राहून सगळं सोसणारा माणूस अशी त्याची जी गुळगुळीत गोष्ट शाळेत सांगतात त्यात ही शिकागोची मॅच नसते, आणि ती असायला हवी असं मला वाटतं.

सीझन संपला, क्लबने सांगितलं की पुढच्या वर्षी तू आमच्याबरोबरच आहेस, मस्त सुट्टी घालव. काही आठवड्यांतच त्याला मॉन्ट्रियलच्या संस्थेकडे ट्रेड केल्याचं कळलं. मॉन्ट्रियलमध्ये त्या काळात जागा मिळणं म्हणजे अशक्यच. तिथल्या खालच्या टीमकडून थोडं खेळल्यावर नोव्हेंबर १९६१मध्ये त्याला लॉस एंजलिस ब्लेड्सला विकलं. वेस्टर्न हॉकी लीग. वय सव्वीस. एनएचएल संपलं.

आणि इथून पुढचं करिअर ज्याला म्हणतात ते सुरू होतं. मायनर लीगचा व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय हे आपल्याकडे नीट कळत नाही कारण आपल्या डोक्यात खेळाडू म्हणजे एकतर देशासाठी खेळणारा नाहीतर हौशी. मधला जो मोठा पट्टा आहे, जिथे माणूस खेळाचाच पगार घेतो, त्यावर घरभाडं भरतो, दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल का याची वाट बघतो, तो पट्टा आपल्याला दिसत नाही. पोर्टलंड, सिएटल, व्हँकुव्हर, स्पोकेन, सॅन फ्रान्सिस्को, नंतर फीनिक्स, सॉल्ट लेक सिटी, अशी ती लीग, पश्चिम किनाऱ्यावर आणि वाळवंटात पसरलेली, बाहेर ऊन आणि आत बर्फ. आणि लीग हलकी नव्हती बरं का. एनएचएलमध्ये सहाच टीम्स असल्यामुळे पुढे कुठेही सहज खेळले असते असे कितीतरी लोक त्या खालच्या लीग्जमध्ये आयुष्यभर अडकले होते. मी जेव्हा जेव्हा कोणी म्हणतं की विली ओरी फक्त ४५ मॅचेस खेळला, तेव्हा मला तो "फक्त" काढून टाकावासा वाटतो, कारण त्या वाक्यात ब्लेड्सची सहा वर्षं नाहीत आणि त्याच लीगमधल्या सॅन दिएगो गल्सची त्याहून जास्त नाहीत.

ब्लेड्सकडे असताना १९६४-६५मध्ये त्याला लेफ्ट विंगवरून राइट विंगला हलवलं.

मला या करिअरमधली सगळ्यात मोठी घटना हीच वाटते, अगदी मॉन्ट्रियलच्या त्या रात्रीपेक्षाही. उजव्या कडेने जाताना बोर्ड उजवीकडे, म्हणजे जो डोळा नाही त्या बाजूला भिंत, तिकडून बघायचं तसं फार काही नाही, आणि आख्खी रिंक डावीकडे, चांगल्या डोळ्यासमोर. पास येताना दिसतो, माणूस येताना दिसतो, गोलकीपर कुठे सरकतोय ते दिसतं. बोर्डाकडून येणारा पक बॅकहँडवर घ्यावा लागतो, ते त्याला नव्याने शिकावं लागलं, पण तो डावखुरा शॉट मारायचा, आणि डावखुऱ्याला उजव्या बाजूने गोलचा कोन जास्त उघडा मिळतो. नऊ वर्षं जी मान उलटी वळवून वळवून तो खेळला ती सरळ झाली. त्या सीझनला त्याने ३८ गोल केले आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे होते. १९६८-६९मध्ये, सॅन दिएगोकडून, वय तेहतीस, परत ३८, परत लीगमध्ये पहिला. एकूण चार सीझन्समध्ये ३० किंवा त्याहून जास्त गोल.

म्हणजे विचार करा, बॉस्टनमध्ये ४३ मॅचेसमध्ये ४ गोल करणारा जो विली लोकांनी बघितला, तो चुकीच्या बाजूला खेळणारा विली होता, आणि हे जगात फक्त त्याला आणि दोनचार जणांना माहीत होतं. त्याने तेव्हा कोणाला सांगितलं असतं की मला उजवीकडे टाका, तर पुढचा प्रश्न आला असता, का?

आपल्याला यावरून पतौडी आठवणारच. मन्सूर अली खान पतौडीचाही उजवाच डोळा, १ जुलै १९६१ला इंग्लंडमध्ये होव्हला कारच्या अपघातात गेला, म्हणजे विली बॉस्टनमधून बाहेर पडला त्याच उन्हाळ्यात. त्या वर्षीच तो भारताकडून कसोटी खेळला आणि १९६२मध्ये एकविसाव्या वर्षी कॅप्टन झाला. पतौडीला दोन चेंडू दिसायचे, त्याने टोपी डोळ्यावर ओढली, स्टान्स बदलला, आणि हे सगळं त्याने उघडपणे केलं, सगळ्या जगाला माहीत होतं, आणि त्यामुळे त्याच्या प्रत्येक धावेचं मोल लोकांना कळत होतं. त्याने जे केलं त्याबद्दल मला अपार आदर आहे. पण विलीला तेच सगळं गुपचूप करावं लागलं, नियम तसा होता म्हणून, आणि माझी खात्री आहे की ब्लॅक असल्यामुळे आधीच सगळे त्याच्यातलं उणं शोधत होते म्हणूनही. त्याला स्वतःलाच हे सांगता आलं नाही की मी किती चांगला खेळतोय.

१९६७ला एनएचएल सहावरून बारा टीम्सची झाली. लॉस एंजलिसला किंग्ज ही एनएचएलची टीम आली, ब्लेड्स बंद पडले, विली सॅन दिएगोला गेला. पुढच्या सात वर्षांत टीम्स अठरापर्यंत गेल्या, शेकड्यांनी नव्या जागा तयार झाल्या, वेस्टर्न लीगमधले कितीतरी जण वर गेले. विलीला कोणी वर बोलावलं नाही. तो तेव्हा बत्तीसचा होता, वय झालं होतं असं कोणी म्हणेल, पण तेहतिसाव्या वर्षी ३८ गोल करणारा माणूस संपलेला नसतो, आणि त्या वयाचे गोरे खेळाडू नव्या टीम्सनी आनंदाने घेतले. डोळ्याचं कारणही देता येत नाही, कारण डोळ्याचं कोणाला माहीतच नव्हतं. विलीनंतर एनएचएलमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९७४ला, माइक मार्सन, वॉशिंग्टनकडून. मधे तेरा वर्षं. आता कोणी म्हणालं की विलीने भिंत पाडली, तर मी एवढंच म्हणेन की त्याने एक वीट काढली आणि बाकीच्यांनी तेरा वर्षं ती जागा परत लिंपून ठेवली. आणि मला असंही वाटतं की बोलावणं आलं असतं तर कदाचित तो घाबरलाही असता, नवीन क्लब, नवीन डॉक्टर, नवीन डोळ्याची तपासणी. हा माझा अंदाज आहे, त्याने असं काही म्हटलेलं नाही.

कॅलिफोर्नियाने त्याला बरंच दिलं मात्र. १९६२मध्ये लॉस एंजलिसला जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानाचा एक कार्यक्रम होता, ब्लेड्सच्या दोनतीन खेळाडूंबरोबर विली गेला. कोणीतरी ओळख करून द्यायला लागलं आणि रॉबिन्सनने त्याच्याकडे बघून विचारलं की तू ब्रुकलिनला भेटलेला तोच मुलगा ना. तेरा वर्षांनी. रोज शेकडो पोरं भेटणाऱ्या माणसाने हॉकी खेळणारा एक काळा पोरगा लक्षात ठेवला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ काही सुचलंच नाही. एनएचएलने विलीला विसरायला सुरुवात केली होती त्याच काळात ही ओळख पटली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे लग्न केलं ते भारतीय वंशाच्या एका मुलीशी, त्या दोघांचं घर सॅन दिएगोजवळच झालं आणि तो तिथलाच होऊन गेला. गल्सच्या अरेनात त्याचा २० नंबर टांगला गेला, म्हणजे छताला त्याचे दोन नंबर आहेत, बॉस्टनचा २२ आणि हा २०, आणि दुसऱ्याचं नाव इकडे पूर्व किनाऱ्यावर कोणाच्या तोंडी नसतं.

खेळणं थांबल्यावर वेगवेगळ्या नोकऱ्या केल्या, बरीच वर्षं सॅन दिएगोच्या प्रसिद्ध हॉटेल डेल कोरोनाडोमध्ये सिक्युरिटीत होता. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण उभं आहे ते. एनएचएलने त्याला परत शोधलं १९९०च्या दशकात, आणि १९९८पासून तो लीगचा ॲम्बॅसडर म्हणून गावोगावच्या रिंक्सवर फिरला, ज्या मुलांना स्केट्स परवडत नाहीत, ज्यांच्यासारखं दिसणारं रिंकवर कोणी नाही, त्यांच्यासाठी. लाखाच्या वर मुलांपर्यंत तो कार्यक्रम गेला. तो गुडघ्यावर बसून मुलांच्या लेसेस बांधतानाचे फोटो आहेत. २००८मध्ये फ्रेडरिक्टनमधल्या नव्या रिंकला त्याचं नाव दिलं. २०१८ला हॉल ऑफ फेम. १८ जानेवारी २०२२ला ब्रुइन्सनी २२ नंबर कायमचा निवृत्त केला, कोविडमुळे तो येऊ शकला नाही, सॅन दिएगोहून स्क्रीनवर होता, आणि त्याच महिन्यात त्याला अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक देण्याच्या कायद्यावर सही झाली.

यातल्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलंय ते "बिल्डर" विभागात, म्हणजे खेळ उभा करायला हातभार लावणारे लोक, कोच, मालक, अधिकारी यांच्यात. मुलांसाठी त्याने केलेलं काम बघता ते चूक नाही, आणि आकडे बघणाऱ्याला ४५ मॅचेसच्या माणसाला "प्लेयर" विभागात कसं घेणार हेही मला कळतं. पण ते आकडे फक्त एनएचएलचे आहेत. त्या सहा टीम्सच्या काळात माणसाने कुठे खेळावं हे त्याच्या हातात होतं का? एका डोळ्याने दोनदा लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणं याला खेळणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? मला त्याचं नाव खेळाडूंच्या यादीत हवंय, कार्नेगीचंही, त्यालाही बिल्डर म्हणूनच घेतलंय. मी हे आमच्या रिंकवर कोणीही विषय काढला की बोलते, आणि बोलत राहणार.

एक सीझन सांगायचा राहिला. १९७४ला वेस्टर्न लीग बंद झाली आणि विलीचं व्यावसायिक खेळणंही तिथेच थांबलं असं सगळ्यांना वाटलं. मग १९७८मध्ये पॅसिफिक हॉकी लीगमध्ये सॅन दिएगो हॉक्स नावाची टीम उभी राहिली आणि त्यांच्याकडून विली परत उतरला, वय त्रेचाळीस, टीममधली बरीच पोरं त्याच्या निम्म्या वयाची. आता त्याला कोणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, कुठला विक्रम नव्हता, वरून कोणी बोलावणार नाही हे तर पक्कंच होतं. तरी तो सीझनभर खेळला. १९७९मध्ये ती लीगच बंद पडली, तेव्हा त्याने स्केट्स काढले.